कुंडी बदलल्यावर मॉस स्टिकवरचा मनी प्लांट वारंवार पिवळा का पडतो?

ही तक्रार बहुतेक घरांत सारख्याच क्रमाने पुढे येते. नर्सरीतून आणलेला, मॉस स्टिकवर, म्हणजे काथ्या किंवा शेवाळ गुंडाळलेल्या आधाराच्या काठीवर, चढवलेला मनी प्लांट वर्ष-दीड वर्ष उत्तम वाढतो. मग कुंडीच्या भोकातून मुळे बाहेर डोकावू लागतात, घातलेले पाणी कडेने सरळ खाली वाहून जाते, नवी पाने लहान येतात आणि काठी डगमगू लागते. म्हणून त्याला ऐसपैस नवी कुंडी, ताजी माती आणि भरपूर खत दिले जाते. त्यानंतर आठवड्या-दोन आठवड्यांत खालची पाने एकामागून एक पिवळी पडतात आणि माती ओली असूनही वेल मान टाकतो. ते पाहून कोणी पाणी वाढवतात, कोणी खताचा आणखी एक हप्ता देतात, तर कोणी महिन्याभरातच पुन्हा कुंडी बदलतात. वेल कसाबसा सावरतो, आणि पुढच्या पावसाळ्यात किंवा पुढच्या वेळी कुंडी बदलल्यावर तेच सगळे पुन्हा घडते.

हा प्रकार पुन्हा पुन्हा घडण्याचे कारण माझ्या मते एकच आहे. पानांवर दिसणारे हे लक्षण मुळांना हवा न मिळाल्याचे असते, आणि आपण करतो तो प्रत्येक उपाय मुळांपर्यंत पोहोचणारी हवा आणखी कमी करतो. पाणी हे उघडच करते. बारीक शेणखत मातीतल्या पोकळ्या बुजवून तेच करते. आणि घाईने पुन्हा बदललेली कुंडी नुकत्याच फुटलेल्या पांढऱ्या मुळ्या तोडून टाकते. म्हणून पुढील सर्व विवेचनाचा रोख पानांपेक्षा मुळांकडे आहे.

हा वेल मुळात मातीत गाडून घेऊन जगणारा नाही, हे आधी लक्षात घ्यायला हवे. मनी प्लांट, म्हणजे एपिप्रेम्नम ऑरियम, मूळचा प्रशांत महासागरातील फ्रेंच पॉलिनेशियाच्या मोऑरेआ बेटावरचा. तो झाडांच्या खोडांवर चढतो, प्रत्येक पेऱ्याशी हवाई मुळे सोडतो आणि सालीच्या खाचांतील ओलावा व कुजलेला पालापाचोळा यांवर पोसला जातो. कोकणातल्या किंवा मुंबईच्या जुन्या बंगल्यांच्या आवारात आंब्याच्या वा नारळाच्या खोडावर चढलेला हाच वेल पाहिला, तर त्याची पाने हातभर लांबीची आणि कडेने फाटलेली दिसतात. तळहाताएवढ्या पानांचा आपला घरातला मनी प्लांट तोच आहे, हे पटकन खरेही वाटत नाही. पाने मोठी होण्यासाठी त्याला चढायला आधार आणि पुरेसा उजेड लागतो, आणि मुळांना ओलावा व हवा दोन्ही एकाच वेळी लागतात. भिजून घट्ट झालेल्या मातीत ओलावा असतो, हवा नसते.

आणखी एक गोष्ट इथे उपयोगी पडते. या वेलाला जवळजवळ कधीच फुले येत नाहीत. फुलोऱ्यासाठी लागणारे जिबरेलिन हे संप्रेरक तो पुरेसे तयार करू शकत नाही, असे 2016 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखवले गेले आहे. म्हणजे आपल्याकडे येणारे रोप बियांपासून झालेले नसते; ते फांदीचे तुकडे लावूनच केलेले असते. नर्सरीतल्या एका मॉस स्टिकभोवती बहुधा तीन-चार वेगवेगळे तुकडे लावून ते एकत्र बांधलेले असतात. त्यामुळे कुंडीतला एक वेल पूर्ण पिवळा आणि शेजारचा ठणठणीत, असे दृश्य दिसले तर गोंधळून जाऊ नये. ती स्वतंत्र रोपे आहेत, त्यांची मुळे स्वतंत्र आहेत, आणि कुजलेल्या एकाला काढून बाकीच्यांना वाचवता येते.

आधी निदान

कोणताही उपाय करण्यापूर्वी कुंडीच्या तळाशी काय चालले आहे ते पाहावे. वरची माती बोटाने चाचपून काही कळत नाही, विशेषतः कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा) असलेल्या मिश्रणात, कारण त्याचा वरचा थर दोन दिवसांत फिकट आणि कोरडा दिसतो, आणि तळाशी मात्र चिखल असतो. खराट्याची एक हिराची काडी घ्यावी, ती काठाजवळून अलगद तळापर्यंत खुपसावी आणि दहा मिनिटांनी बाहेर काढावी. काडीचे खालचे टोक गडद झाले असेल आणि त्याला माती चिकटली असेल, तर तळ ओला आहे. पाने कितीही मलूल असली तरी पाणी घालायचे नाही. काडीच्या टोकाला गटारासारखा वास येत असेल, तर तिथे हवा संपून कुजण्याची क्रिया सुरू झालेली आहे.

आता पाने पाहावीत. कुंडी बदलल्यानंतर सर्वांत खालचे, सर्वांत जुने एखाद-दुसरे पान पिवळे होऊन गळाले आणि शेंड्याचा कोंब ताठ राहिला, तर काहीही करू नये. मुळे थोडी दुखावली की वेल जुन्या पानांतले अन्न काढून घेतो आणि ती सोडून देतो, हे स्वाभाविक आहे. पण एकाच वेळी तीन-चार पाने पिवळी पडत असतील, माती ओली असूनही वेल मलूल असेल, किंवा मातीलगतचा दांडा काळा आणि मऊ लागत असेल, तर मुळे कुजत आहेत असे समजून कुंडी उपटूनच पाहावी लागते. पानांच्या कडा करपून कुरकुरीत होत असतील आणि मातीवर किंवा कुंडीच्या काठावर पांढरी पुटे दिसत असतील, तर तो क्षार साचल्याचा परिणाम असतो. बोअरवेलचे जड पाणी घालणाऱ्या सोसायट्यांत हे फार दिसते. फक्त नव्या पानांत शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल, तर मातीचा सामू (पीएच) जास्त असल्याने लोह शोषले जात नाही असे मानावे. शेवटचा प्रकार बहुधा काळी माती वापरणाऱ्यांकडे आढळतो, आणि त्याबद्दल पुढे लिहिले आहे.

लाल मातीचा गोळा

माझ्या अनुभवात या समस्येचे सर्वांत मोठे आणि सर्वांत दुर्लक्षित कारण म्हणजे नर्सरीतून रोपासोबत येणारा चिकट लाल मातीचा गोळा. वाहतुकीत मुळे हलू नयेत म्हणून रोपे अशा घट्ट मातीत लावलेली असतात, आणि नर्सरीच्या दृष्टीने ते योग्यच आहे. तिथे उघड्यावर, हिरव्या जाळीखाली, वाऱ्यावर ती माती लवकर वाळते. घरात मात्र आपण तो गोळा जसाच्या तसा उचलतो आणि त्याच्याभोवती कोकोपीट, परलाईट (भाजून फुगवलेल्या खनिजाचे पांढरे दाणे) वगैरेंचे हलके मिश्रण भरतो. मुळे दुखावू नयेत म्हणून ‘गोळा फोडू नका’ असा सल्लाही सर्रास दिला जातो.

त्यातून एकाच कुंडीत दोन वेगळ्या मातींचे राज्य सुरू होते. भोवतालचे हलके मिश्रण पाणी चटकन सोडते आणि चटकन वाळते. मधला चिकट गोळा पाणी घट्ट धरून ठेवतो. आपण बोट घालतो ते काठाजवळच्या हलक्या मिश्रणात, ते कोरडे लागते म्हणून पाणी घालतो, आणि जिथे सगळी मुळे आहेत तो गोळा सतत भिजलेलाच राहतो. उन्हाळ्यात याच्या अगदी उलटही घडते. गोळा एकदा पूर्ण वाळून दगडासारखा झाला की पाणी त्याच्या बाजूने हलक्या मिश्रणातून खाली निघून जाते, आणि रोज पाणी घालूनही मुळे तहानलेली राहतात. त्यामुळे एकाच कुंडीचे निदान मे महिन्यात ‘पाणी कमी’ आणि जुलैत ‘पाणी जास्त’ असे होते, आणि दोन्ही वेळा मूळ दोष तोच असतो.

यावर उपाय म्हणजे गोळा सोडवणे. रोप कुंडीतून काढून मुळांचा गोळा साध्या पाण्याच्या बादलीत अर्धा तास बुडवून ठेवावा, मग पाण्यातच हलक्या हाताने हिंदकळत माती विरघळू द्यावी. नळाचा जोरदार झोत मारू नये. त्याने बारीक मुळ्या तुटतात. माती शंभर टक्के निघाली पाहिजे असा हट्ट नको, मुळांच्या गाभ्यात थोडी राहिली तरी चालते, पण बाहेरचा घट्ट थर आणि तळाचा चिखल निघालाच पाहिजे. या क्रियेने वेल काही दिवस रुसतो हे खरे आहे. तरीही हा एकदाचा त्रास पत्करावा असे माझे स्पष्ट मत आहे, कारण गोळा तसाच ठेवला तर तोच त्रास दर हंगामात सोसावा लागतो.

कुंडी किती मोठी घ्यावी

‘सारखी सारखी बदलायला नको’ म्हणून एकदम मोठी कुंडी घेण्याकडे आपला कल असतो. पण कुंडीचा व्यास दुप्पट झाला की, उंचीही त्याच प्रमाणात वाढली असल्यास, तिच्यात मावणारी माती आठपट होते. म्हणजे 6 इंची कुंडीतला वेल 12 इंची कुंडीत नेला, तर जेवढ्या मातीतले पाणी त्याची मुळे शोषून घेत होती त्याच्या आठपट माती ओली होते, आणि शोषणारी मुळे तेवढीच राहतात. उरलेले पाणी कित्येक दिवस तसेच पडून राहते. पाण्यातून प्राणवायू पसरण्याचा वेग हवेतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पटींनी कमी असतो, त्यामुळे पाण्याने भरलेल्या पोकळ्यांत मुळे अक्षरशः गुदमरतात, आणि अशा दुबळ्या मुळांवर पिथियमसारखे कुजवणारे रोगकारक सहज हल्ला करतात. व्यासाने 2 इंच मोठी कुंडी पुरेशी असते: 6 इंचीवरून 8 इंची, 8 इंचीवरून 10 इंची. या 2 इंचांतही माती दुपटीच्या आसपास वाढते.

तळाशी खापऱ्यांचा किंवा खडीचा जाड थर घालण्याची पद्धत आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे, आणि ती श्रद्धेने पाळणाऱ्यांना माझे म्हणणे खटकेल, पण त्या थराने निचरा सुधारत नाही. बारीक पोकळ्यांच्या मातीतले पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांच्या खडीत आपोआप उतरत नाही. माती पुरती भिजून तुडुंब झाल्यावरच ते खाली गळते. भिजवलेला स्पंज आडवा धरला तर पाणी धरून ठेवतो आणि उभा केला की त्यातून आणखी पाणी गळते, तसेच कुंडीतल्या मिश्रणाचे आहे: कुंडी कोणतीही असो, तळाशी ठरावीक उंचीचा ओला थर राहतोच, आणि ती उंची मिश्रणाच्या भरडपणावर ठरते. खाली खडी भरली की तो ओला थर फक्त वर, मुळांच्या आणखी जवळ सरकतो. भोकावर एक पसरट खापरी किंवा जाळीचा तुकडा ठेवावा, म्हणजे माती वाहून जाणार नाही. त्याहून अधिक काही नको. भोक नसलेल्या चिनी मातीच्या सुंदर कुंड्या केवळ बाहेरचे आवरण म्हणून वापराव्यात, आणि पाणी घातल्यावर अर्ध्या तासाने आतली कुंडी उचलून तळाचे पाणी ओतून द्यावे.

मिश्रण

मी वापरतो ते मिश्रण मापाने, म्हणजे वजनाने न मोजता एकाच डब्याने मोजून, असे आहे: धुतलेले कोकोपीट दोन डबे, नारळाच्या सोडणाचे बोटाच्या पेराएवढे तुकडे एक डबा, जाड परलाईट एक डबा आणि चाळलेले गांडूळखत एक डबा. परलाईट मिळत नसेल किंवा महाग वाटत असेल, तर भाजलेल्या विटेचे वाटाण्याएवढे तुकडे चालतात, मात्र ते चाळून त्यातली भुकटी पूर्ण काढून टाकावी, कारण भुकटी राहिली तर सगळा हेतूच फसतो. बांधकामाची बारीक वाळू मात्र घालू नये. वाळूने निचरा होतो हा समज जाड, खडबडीत वाळूपुरता खरा आहे. बारीक वाळूचे कण कोकोपीटच्या धाग्यांमधल्या पोकळ्यांत बसतात आणि मिश्रण अधिकच घट्ट करतात.

कोकोपीटबद्दल एक सूचना आवर्जून पाळावी. समुद्रकाठच्या नारळांच्या सोडणापासून केलेल्या या भुशात सोडियम आणि पोटॅशियमचे क्षार बरेच असू शकतात, आणि कोकोपीटची दाबलेली वीट फोडून भिजवली की पहिले पाणी गडद चहासारखे निघते. ते पाणी फेकून द्यावे, भुसा पिळावा, पुन्हा भिजवावा, आणि पाणी फिकट होईपर्यंत हे दोन-तीन वेळा करावे. कुंडी बदलल्यावर पानांच्या कडा करपतात, त्यांतल्या कित्येक प्रकरणांचे मूळ न धुतलेल्या कोकोपीटमध्ये असते.

काळी माती कुंडीत वापरू नये. दख्खनच्या शेतांत ती सोन्यासारखी असली, तरी तिच्यातली चिकणमाती पाण्याने फुगते आणि वाळली की भेगाळते, आणि त्या प्रत्येक भेगेबरोबर बारीक मुळ्या तुटतात. शिवाय ती बहुधा चुनखडीयुक्त आणि विम्लधर्मी असते, त्यामुळे वर सांगितलेला लोहाचा प्रश्न उद्भवतो. निंबोळी पेंड बाल्कनीतल्या कुंड्यांसाठी चांगली आहे. घरातल्या कुंडीत ती ओली राहून तिच्यावर बुरशी चढते आणि चिलटे जमतात, म्हणून खोलीत ठेवायच्या वेलासाठी मी ती घालत नाही. कोळशाचे तुकडे घातले तर बिघडत काही नाही, पण त्यांच्यावाचून अडतही नाही.

काठीचा प्रश्न

चढणाऱ्या वेलाची कुंडी बदलणे साध्या रोपाहून अवघड असते ते काठीमुळे. कुंडीतून काढताना वेल हाताने धरला आणि काठी वेगळी ओढली, की पेऱ्यांवरची हवाई मुळे काथ्यातून उचकटून तुटतात. मातीतली मुळे दुखावलेली असतानाच हा दुसरा आघात होतो. म्हणून काठी आणि वेल यांना एकच वस्तू समजावे. जुनी काठी काढायचीच नाही. ती आखूड पडत असेल तर वाढवायची. बाजारातल्या बहुतेक काठ्या म्हणजे काथ्या गुंडाळलेला पोकळ पीव्हीसी पाइप असतो. त्याच्या वरच्या तोंडात आत घट्ट बसेल असा बारीक पाइप वीतभर खोल सरकवावा, वर हवी तेवढी लांबी ठेवून तिच्यावर काथ्या गुंडाळावा, आणि वेलाचा शेंडा पुढे तिकडे वळवावा. काठी भरीव लाकडाची असेल आणि खालून कुजलेली असेल, तर तिला लागून नवी काठी उभी करून दोन्ही एकत्र बांधाव्यात.

काठी कुंडीत मिश्रण भरल्यानंतर खुपसू नये. ती आधी तळाला टेकवून उभी करावी आणि मग भोवती मिश्रण भरावे, नाहीतर ती पहिल्या पाण्यालाच कलते, आणि काठी हलली की दर वेळी नव्या मुळ्या मोडतात. कुंडी हलकी प्लास्टिकची आणि काठी तीन फुटांहून उंच असेल, तर कुंडीच्या काठाला समोरासमोर दोन भोके पाडून काठी सुतळीने दोन्हीकडे बांधावी. वेल काठीला बांधताना तार किंवा नायलॉनची दोरी वापरू नये. जुन्या सुती साडीच्या बोटभर रुंद पट्ट्या उत्तम. गाठ दांड्यावर हवी, पानाच्या देठावर नको, आणि पेऱ्याची मुळे असलेली बाजू काठीकडे हवी.

काथ्याची काठी फार लवकर वाळते आणि कोरड्या काठीत हवाई मुळे शिरत नाहीत, हेही खरे. नुसता फवारा मारून ती वरवर भिजते. पाणी देण्याच्या दिवशी काठीच्या टोकावरून बारीक धारेने सावकाश पाणी सोडावे; ते काथ्यातून झिरपत खाली जाते आणि कुंडीलाही तेच पाणी मिळते. स्फॅग्नम मॉस (वाळवलेले शेवाळ) भरलेली जाळीची काठी ओलावा जास्त काळ धरते आणि तिच्यावर पाने निश्चितच मोठी येतात, पण ती महाग पडते आणि तिच्याकडे नियमित लक्ष द्यावे लागते.

प्रत्यक्ष कुंडी बदलताना

काळ निवडता येत असेल तर फेब्रुवारीअखेर ते मार्च हा सर्वांत चांगला, कारण पुढे ऊब आणि वाढ दोन्ही असतात. पाऊस स्थिरावल्यानंतरचे दमट आठवडेही चालतात, कारण हवेतल्या ओलाव्यामुळे पाने कमी सुकतात. मात्र तेव्हा मिश्रण मोकळे असलेच पाहिजे. डिसेंबर-जानेवारीत पुणे, नाशिक, नागपूरकडे रात्रीचे तापमान 10 अंशांच्या आसपास उतरते, वेलाची वाढ थांबते आणि तुटलेली मुळे भरून यायला फार वेळ लागतो. मेच्या कोरड्या उन्हाळ्यात पाने मुळांच्या ताकदीपेक्षा जास्त पाणी गमावतात. हे दोन काळ टाळावेत. परंतु मुळे कुजत असतील तर मुहूर्त पाहू नये.

उंच वेलाला दोन माणसे लागतात. पाने काठीभोवती सैल पट्टीने बांधून घ्यावीत, जमिनीवर जुनी चादर पसरून कुंडी आडवी निजवावी, आतल्या कडेने पातळ सुरी फिरवावी, आणि एकाने काठी व दांडे एकत्र धरून ठेवायचे, दुसऱ्याने कुंडी मागे ओढायची. वेल ओढायचा नाही. हातमोजे घालावेत: हा वेल अळू आणि सुरणाच्या कुळातला आहे, आणि त्याच्या चिकातही कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, त्यामुळे कापलेल्या दांड्याचा चिक लागला तर खाज सुटते. छाटलेले तुकडे मांजर-कुत्र्याच्या किंवा रांगत्या मुलाच्या हाती लागू देऊ नयेत.

मुळे बाहेर आल्यावर ती नीट पाहावीत. निरोगी मूळ पांढरे ते दुधाळ आणि दाबले तर टणक लागते. कुजलेले मूळ तपकिरी, बुळबुळीत असते, आणि चिमटीत धरून ओढले की त्याचे साल निघून येते व आत दोऱ्यासारखी शीर उरते. अशी सर्व मुळे निरोगी भागापर्यंत कापून टाकावीत. कात्री आधी सर्जिकल स्पिरिटने पुसावी आणि एका वेलाकडून दुसऱ्याकडे जाताना पुन्हा पुसावी. कापलेल्या टोकांना हळद लावण्याची घरोघरी पद्धत आहे. तिने नुकसान होत नाही, परंतु कुजलेला भाग आत राहिला असेल तर हळद त्याला थांबवणार नाही. दुकानदार बहुधा कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाची पुडी हातात देतात. ते काही बुरशींवर चांगले काम करते, पण पिथियम आणि फायटोफ्थोरा ही खऱ्या बुरशींपैकी नसल्याने त्यांच्यावर त्याचा परिणाम होत नाही, आणि ओल्या कुंडीतले मूळकूज करणारे बहुधा तेच असतात. कृषी सेवा केंद्रात मिळणारा ट्रायकोडर्मा नव्या मिश्रणात प्रतिबंधासाठी मिसळता येतो, फक्त त्याच वेळी रासायनिक बुरशीनाशक घालू नये. तो स्वतःच बुरशी आहे.

मुळे निम्म्याहून अधिक गेली असतील, तर मोठ्या कुंडीचा विचार सोडून द्यावा आणि उरलेल्या मुळांच्या मापाने, गरज पडल्यास आधीपेक्षा लहान कुंडी घ्यावी. सोबत वेलही कमी करावा. मातीलगतचा दांडा काळा पडला असेल तर तो भाग वाचत नाही, पण वरचा वेल वाचतो: टणक हिरव्या भागात, दोन-तीन पेरी मिळतील असे तुकडे करून ते पाण्यात किंवा ओल्या कोकोपीटमध्ये लावावेत. पेरे नसलेले नुसते पान पाण्यात महिनोन्‌महिने हिरवे राहील, पण त्यापासून नवा वेल होणार नाही, कारण कोंब आणि मुळे दोन्ही पेऱ्यातूनच फुटतात.

लावताना मिश्रण मुठीने दाबू नये. कुंडी जमिनीवर दोन-तीनदा हलके आपटली की ते पुरेसे बसते. काठापासून इंचभर जागा मोकळी ठेवावी आणि पानांचे देठ मातीखाली जाऊ देऊ नयेत.

नंतरचे आठवडे

लावल्यावर एकदा खालून वाहेपर्यंत पाणी द्यावे, आणि मग हात आवरावा. पुढचे पाणी हिराची काडी सांगेल तेव्हाच: वरचे दोन इंच पूर्ण कोरडे आणि तळाचा ओलावा बराच उतरलेला. मुळे छाटलेली असतील तर हे अंतर आणखी वाढते. कुंडी खिडकीजवळ भरपूर उजेडात पण थेट उन्हाबाहेर ठेवावी. अंधाऱ्या कोपऱ्यात ‘विश्रांतीसाठी’ ठेवलेला वेल पाणी कमी शोषतो, आणि मिश्रण ओलेच राहते. महिना ते दीड महिना कोणतेही खत नको. गांडूळखत मिश्रणात आहेच, आणि दुखावलेल्या मुळांना क्षारांचा भार सोसत नाही. दुपारी मान टाकलेला वेल रात्रीतून सावरत असेल, तर मुळे काम करू लागली आहेत असे समजावे.

कार्यालयांतल्या कुंड्यांबाबत अडचण अशी असते की माळी ठरलेल्या दिवशी सगळ्या कुंड्यांना सारखे पाणी घालतो. वातानुकूलित खोलीत उन्हाळा-पावसाळा हा फरक जवळपास नाहीसा होतो, पण खिडकीजवळची कुंडी आणि जिन्याखालची कुंडी यांची तहान वेगळीच राहते. अशा ठिकाणी प्रत्येक कुंडीत एक काडी कायमची खोचून ठेवायला सांगावी, आणि तिचे टोक पाहूनच पाणी घालण्याचा नियम करावा. घरीही जूनमध्ये पाणी घालण्याचे अंतर बदलायला विसरले जाते. मेमध्ये दोन-तीन दिवसांत वाळणारी तीच कुंडी जुलैत आठवडाभरही ओली राहू शकते, आणि पावसाळ्यात पुन्हा पिवळी पडणारी बहुतेक पाने या एका विस्मरणाची असतात.

असे लावलेल्या वेलाला साधारण दीड-दोन वर्षे कुंडी बदलावी लागत नाही. या काळात कोकोपीट आणि सोडण कुजून मिश्रण खाली बसते, काठापासूनची मोकळी जागा इंचावरून दोन-अडीच इंच होते. तेवढ्यासाठी कुंडी उपटू नये. वरचा इंचभर थर बोटांनी मोकळा करून काढावा, त्याबरोबर साचलेले क्षारही जातात, आणि तेवढेच ताजे मिश्रण भरून द्यावे. जड पाणी असलेल्या ठिकाणी दोन-तीन महिन्यांतून एकदा कुंडी न्हाणीघरात नेऊन पावसाच्या साठवलेल्या किंवा गाळलेल्या पाण्याने, कुंडीच्या आकारमानाच्या दुप्पट पाणी सावकाश ओतून, धुऊन घ्यावी. मुळे भोकांतून बाहेर आली आणि पाणी पुन्हा कडेने सरळ वाहू लागले, की पुढच्या 2 इंचांची वेळ आली असे समजावे.